विचारा बिनधास्त : भिंतीच्या पेशी, बिनभिंतीच्या पेशी

मागच्या अंकात शेवटी मी सहज लिहिलं होतं की पेशींबद्दल शाळेत किंवा घरात काही अडलं असेल तर कळवा, तर एवढे मेसेज आणि तीन हाताने लिहिलेली पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. काहींनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून कुणाचंच छापत नाही, फक्त राहायचं ठिकाण.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा नववीला आहे. क्लासच्या टेस्टमध्ये त्याने वनस्पती पेशीच्या आकृतीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) काढली तर सरांनी त्यावर लाल फुली मारून दोन मार्क कापले. म्हणे प्राण्यांमध्ये तंतुकणिका असते, झाडांमध्ये तिच्या जागी हरितलवक असतं. मुलगा म्हणतो पुस्तकात असं नाहीये. रडकुंडीला आलाय. बरोबर कोण?
— एक आई, मानपाडा, ठाणे

उत्तर : ताई, तुमचा मुलगा बरोबर आहे. आधी त्याला एवढं वाचून दाखवा, बाकीचं नंतर वाचा.

वनस्पतीच्या पेशीत तंतुकणिका असतेच असते. हरितलवक असलं तरी असते, नसलं तरी असते. मी ज्युनिअर कॉलेजला तीस वर्षं बायोलॉजी शिकवलं आणि ही चूक दर वर्षी अकरावीच्या पहिल्या महिन्यात भेटायची, आणि ती मुलांची नसते, त्यांना कुणीतरी फरकाचा तक्ता पाठ करून दिलेला असतो, डावीकडे प्राणी उजवीकडे वनस्पती, आणि तक्ता नीट दिसावा म्हणून एका बाजूला तंतुकणिका टाकली की समोर हरितलवक टाकायचं. दोघांची कामंच वेगळी आहेत हो! हरितलवक उन्हात साखर तयार करतं. ती साखर पेशीला वापरता यावी अशी ऊर्जा तिच्यातून काढायचं काम तंतुकणिकेचं. एक स्वयंपाक करणारी, दुसरी जेवण अंगी लावणारी. स्वयंपाक झाला म्हणून जेवायचं कुणी थांबतं का?

घरीच बघा. मटकी भिजवून फडक्यात बांधून डब्यात ठेवता ना, रात्रभर तिथे मिट्ट काळोख, ऊन नाही, हिरवा रंग नाही, आणि सकाळी उघडलं तर बोटाच्या पेराएवढे मोड. कुणाच्या जोरावर? दाण्यात साठवलेलं अन्न होतं, ते तंतुकणिकांनी जाळलं. सकाळी फडकं सोडताना त्या पुरचुंडीच्या मध्ये बोट घाला, मधली मटकी थोडी कोमट लागते, ती ऊब त्याच कामाची. मुळांचंही तसंच, ती जमिनीखाली अंधारात असतात, त्यांच्या पेशींत हरितलवक नसतं, तंतुकणिका भरपूर असतात. आणि रात्री तर अख्खं झाडच तंतुकणिकांवर चालतं.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. तंतुकणिकेकडे स्वतःचा वेगळा डीएनए असतो, केंद्रकातल्या डीएनएपेक्षा वेगळा, आणि तो गोल असतो, बांगडीसारखा, जसा जीवाणूंचा असतो तसाच. माणसाच्या तंतुकणिकेत ही बांगडी १६,५६९ जोड्यांची आहे आणि तिच्यावर फक्त ३७ जनुकं आहेत. म्हणजे ही तंतुकणिका कोणे एके काळी स्वतंत्र जीवाणू होती, दीडएकशे कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी ती दुसऱ्या एका पेशीच्या आत गेली आणि पचून न जाता तिथेच नांदली. लिन मार्गुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९६७ साली हे सविस्तर मांडलं तेव्हा त्यांचा लेख बऱ्याच ठिकाणांहून परत आला होता, आज तो पाठ्यपुस्तकात आहे. हरितलवकाचीही तीच गोष्ट, तो निळ्या-हिरव्या जीवाणूपासून आला, पण तो नंतर आला, तंतुकणिका आधीच घरात होती. म्हणजे वनस्पतीच्या पेशीने तंतुकणिका काढून हरितलवक घेतलेलं नाही, तिच्याकडे दोन्ही पाहुणे आहेत आणि दोघंही आता घरचेच झालेत. जीवाणूंमध्ये मात्र तंतुकणिका नसते, आणि ते साहजिकच आहे, ते ऊर्जेचं काम स्वतःच्या पटलावरच, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावरच उरकतात.

आणि ताई, अजून एक. तंतुकणिका आपल्याला आईकडून मिळते. तुमच्या मुलाच्या पेशींतल्या तंतुकणिका तुमच्या, तुमच्यातल्या तुमच्या आईच्या, तिच्यातल्या तुमच्या आजीच्या. ज्या गोष्टीवर लाल फुली पडली ती त्याला तुम्हीच दिलेली आहे.

सरांशी वाद घालू नका, पुस्तकाचं ते पान उघडून मुलालाच शांतपणे दाखवू द्या. चांगले सर असतील तर मार्क परत देतील आणि बाकीच्या मुलांनाही सांगतील, तेच जास्त महत्त्वाचं आहे, कारण ती चूक अख्ख्या बॅचच्या वहीत गेलेली असणार.

प्रश्न : मॅडम मी नववीत आहे. शाळेत कांद्याची स्लाईड केली पण मला फक्त काळ्या कडेचे गोल गोल दिसले, मी त्यालाच पेशी समजून जर्नलमध्ये आकृती काढली, बाईंनी परत काढायला सांगितली. आणि कांदा जर वनस्पती आहे तर हिरवं काहीच का दिसलं नाही?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : बाळा, ते हवेचे बुडबुडे. वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या प्रॅक्टिकलला निम्म्या वर्गाची पहिली आकृती बुडबुड्यांचीच असायची. बुडबुडा अगदी गोल असतो, कडा जाड काळी आणि आत एकदम मोकळं चकचकीत. कांद्याची पेशी गोल नसते, लांबट असते, भिंतीतल्या विटांसारखी एकीला एक लागून.

पुन्हा कर, या वेळी असं कर. कांदा उभा चिर, आतली एक जाड पाकळी घे, ती मोडली की आतल्या खोलगट बाजूला पारदर्शक पापुद्रा सुटतो, तो चिमट्याने अलगद ओढ आणि लगेच पाण्यात टाक म्हणजे वळणार नाही, सुकणारही नाही. नखाएवढा तुकडा पुरे, मोठा घेतलास की सुरकुत्या पडणारच. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, त्यावर पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब. आणि आता मुख्य गोष्ट, कव्हरस्लिप वरून थपकन ठेवायची नाही, तिची एक कड थेंबाला टेकवायची आणि दुसरी बाजू सुईवर धरून हळूहळू खाली सोडायची, हवा पुढे पुढे सरकत बाहेर जाते. आधी कमी पॉवरच्या भिंगाखाली बघ. घाई करून एकदम मोठी पॉवर लावली की काहीच सापडत नाही आणि कधीकधी काचही फुटते.

मग दिसेल. विटांच्या रेषा म्हणजे पेशीभित्तिका, सेल्युलोजची. प्रत्येक विटेत एक पिवळसर तपकिरी ठिपका, ते केंद्रक. आणि नीट बघ हं, ते केंद्रक बहुतेक पेशींत मधोमध नसतं, कडेला सरकलेलं असतं, कारण मधली सगळी जागा रिक्तिकेने घेतलेली असते, पाण्याने भरलेली मोठीच्या मोठी पिशवी. पुस्तकातल्या आकृतीत ती बऱ्याचदा लहान काढलेली असते. खऱ्या पेशीत पेशीद्रव्याला भिंतीलगत एक पातळ पट्टीच उरते.

हिरव्याचं तुझं निरीक्षण एकदम बरोबर आहे. आपण खातो तो कांदा जमिनीत वाढतो, तिथे ऊन नाही, म्हणून त्या पाकळ्यांत हरितलवक नाही. त्याच झाडाची पात घे, ती हिरवीगार. एकच झाड, एकाच डीएनएचं, पण कुठली पेशी कुठे बसली आहे त्यावर तिच्यात काय असणार ते ठरतं. हरितलवक बघायचंच असेल तर माशांच्या दुकानात टाकीत ठेवायची हायड्रिला मिळते, तिचं एक कोवळं पान तसंच्या तसं पाण्याच्या थेंबात ठेव, काही रंगवायचं नाही. हिरवे गोल दाणे दिसतील आणि दोन मिनिटं धीराने बघत राहिलीस, दिवा चालू ठेवलास, की ते भिंतीच्या कडेकडेने एकाच दिशेने फिरायला लागलेले दिसतील, जसं देवळाला प्रदक्षिणा घालतात तसे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मायक्रोस्कोपवरून डोळा काढवेना.

शाळेत मिथिलीन ब्लू हा निळा रंग असेल तर बाईंना विचारून अजून एक स्लाईड कर. टूथपिकच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची आणि ते काचेवर पसरायचं. ही आपली पेशी, पापडाच्या तुकड्यासारखी चपटी, कडा वेड्यावाकड्या, एखादी दुमडलेली, कारण हिला भिंत नाही, फक्त पातळ प्रद्रव्यपटल. मध्ये गडद निळं केंद्रक. आणि मोठ्या पॉवरखाली पेशीच्या अंगावर चिकटलेले अगदी बारीक निळे ठिपके दिसले तर पुसू नकोस! ते तोंडातले जीवाणू. प्राणी पेशी आणि जीवाणू पेशी एकाच काचेवर, शेजारी शेजारी. पेशी साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) रुंद आणि जीवाणू एखादा मायक्रोमीटर, हा फरक आकृतीत कधीच कळत नाही, कारण पुस्तकात वनस्पती, प्राणी, जीवाणू तिन्ही पेशी एकाच आकाराच्या छापतात.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने १६८३ साली दातांवरचा पांढरा थर काढून असाच बघितला होता, स्वतः घासून केलेल्या भिंगाखाली, आणि जीवाणूंची चित्रं करून लंडनला पाठवली होती. त्याआधी १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा काप बघून त्या खोल्यांना 'सेल' हे नाव दिलं, पण बूच म्हणजे मेलेली साल, त्याला दिसल्या त्या रिकाम्या खोल्यांच्या भिंती. तुला कांद्यात दिसेल ते त्याच्या बुचात नव्हतं.

प्रश्न : तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं असं शिकलो, मग रक्तावरून डीएनए टेस्ट कशी करतात?
— एक तरुण, कळवा

उत्तर : पांढऱ्या पेशींवरून. त्यांच्यात केंद्रक असतं, आणि रक्ताच्या एका छोट्या थेंबातही त्या हजारोंनी असतात. तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होताना तिच्यातही केंद्रक असतं, पण रक्तात उतरण्याआधी ती ते टाकून देते आणि तंतुकणिकाही टाकते, म्हणून ती एवढा ऑक्सिजन वाहते पण स्वतः त्यातला कणही वापरत नाही. आत हिमोग्लोबिनला जागा, आणि अंग इतकं लवचीक की स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून मुडपून जाते. १२० दिवस जगते. हे सस्तन प्राण्यांचंच हं, तुमच्या खिडकीवर बसणाऱ्या कबुतराच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं.

प्रश्न : ताई, काकडीच्या कोशिंबिरीला मीठ घातलं की पाणी सुटतं आणि सुकलेला पालक पाण्यात ठेवला की ताठ होतो. दोन्हीकडे पाणीच, मग एकात बाहेर आणि एकात आत कसं जातं? माझी मुलगी म्हणते हे पेशींमुळे होतं पण तिलाही नीट सांगता येत नाही.
— एक गृहिणी, कोपरखैरणे

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय, आणि तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांतला माझा सगळ्यात लाडका आहे.

पेशीच्या पटलातून पाणी सहज जातं, मीठ सहज जात नाही. आणि पाणी नेहमी जिकडे विरघळलेलं जास्त तिकडे ओढलं जातं. काकडीवर मीठ भुरभुरलं की चिरलेल्या कडेच्या पाण्यात ते विरघळतं, बाहेर खारट झालं, आतलं पाणी बाहेर आलं. पालक साध्या पाण्यात ठेवला तर उलट, पेशीच्या आत साखर-क्षार जास्त, बाहेर काहीच नाही, पाणी आत. पुस्तकात याला परासरण म्हणतात. पण नुसता शब्द घेऊन काही कळत नाही, खरी गंमत पुढे आहे.

पाणी आत जात राहिलं की रिक्तिका फुगते आणि पेशीद्रव्याला भिंतीवर दाबते. भिंत दाबून धरते. या रेटारेटीनेच पालकाचं पान ताठ उभं राहतं, त्याच्यात हाड नाही काही नाही, प्रत्येक पेशी फुगवलेल्या टायरसारखी असते, किंबहुना टायरपेक्षा जास्त, गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या दुप्पट-तिप्पट हवेचा दाब जेवढा होईल तेवढा दाब चांगल्या टवटवीत पानाच्या पेशीत असू शकतो. भाजीवाल्या मावशी जांभळी नाक्याला मेथीच्या जुड्यांवर सारखं पाणी शिंपडत बसतात ते पानांची ही हवा जाऊ नये म्हणूनच. मात्र पान इतकं सुकलं की पेशी मेल्या, पटलं फाटली, तर मग कितीही वेळ पाण्यात बुडवा, ताठ होत नाही, नुसतं ओलं होतं.

काकडीत उलटं होतं. पाणी गेलं, आतला फुगा लहान झाला आणि भिंतीपासून सुटला. भिंत मात्र तिथेच, म्हणून फोडीचा आकार राहतो, करकरीतपणा जातो. हे डोळ्याने बघता येतं. सोसायटीच्या बागेत कडेकडेने रिओ नावाचं झाड लावलेलं असतं, वरून हिरवं आणि पानाची खालची बाजू गर्द जांभळी. त्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला की जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेल्या पेशी दिसतात, तो रंग रिक्तिकेतला असतो. आता कव्हरस्लिपच्या एका बाजूला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला टिपकागद लावायचा. मिनिटा-दोन मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांतून मागे सरकायला लागतो, आधी एका कोपऱ्यात पांढरी फट, मग दुसऱ्या, शेवटी मध्ये एक जांभळी गोळी आणि भोवती रिकामी षटकोनी चौकट. लगेच साधं पाणी सोडलं तर गोळी पुन्हा फुगून चौकटीला भिडते. अकरावीच्या मुलांना मी हे दाखवायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही रांग लावायची.

आपल्या पेशींना ही चौकटच नाही. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली तर ती फुगते, फुगते आणि फुटते, तिला दाबून धरणारं कुणी नाही. म्हणून सलाईन साध्या पाण्याचं नसतं, त्यात ०.९ टक्के मीठ असतं, रक्ताला जुळेल एवढं.

लोणच्याला आदल्या रात्री कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून ठेवतो आणि सकाळी खाली पाणी सुटलेलं असतं, तेही हेच. आणि मीठ लोणचं टिकवतं ते अशासाठी की बिघडवणाऱ्या बहुतेक जीवाणूंचंही पाणी तसंच ओढलं जातं, त्यांना वाढताच येत नाही. कोशिंबिरीला मीठ अगदी वाढायच्या वेळी घाला, एवढाच उपाय.

प्रश्न : मॅडम, घशाच्या इन्फेक्शनला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, पाच दिवसांत बरा झालो. गोळीने जीवाणू मेले पण माझ्या पेशी का नाही मेल्या? गोळीला आपलं-परकं कसं कळतं? आणि पुढच्या महिन्यात सर्दी झाली तेव्हा तीच गोळी मागितली तर डॉक्टर नाही म्हणाले.
— ७४ वर्षांचे वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, गोळीला काही कळत नाही, फरक बांधकामात आहे.

जीवाणूलाही भिंत असते, पण झाडासारखी सेल्युलोजची नाही. ती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची असते. तुमच्या लहानपणी घरात नवारीची बाज असेल तर ती डोळ्यासमोर आणा. साखरेच्या लांब साखळ्या म्हणजे उभ्या पट्ट्या आणि त्यांना आडवं बांधणारे प्रथिनांचे छोटे तुकडे. जीवाणू वाढतो तेव्हा ही वीण त्याला सारखी नव्याने विणत राहावी लागते. पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातली अमॉक्सिसिलिनसारखी औषधं नेमकी ती आडवी गाठ बांधणारं यंत्र अडकवून ठेवतात. गाठी पडत नाहीत, वीण ढिली होते, आतून पाण्याचा दाब असतोच, आणि जीवाणू फुटतो. आपल्या पेशीत अशी भिंतच नाही, विणकाम नाही, गाठ नाही, म्हणून त्या औषधाला तिथे करायला काही कामच नाही. अलेक्झांडर फ्लेमिंगना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं तेव्हा ते भिंतीवर काम करतं हे कुणालाच माहीत नव्हतं. मायकोप्लाझ्मा नावाचे काही जीवाणू आहेत त्यांना भिंतच नसते, त्यांच्यावर पेनिसिलिन चालत नाही, दुसरं औषध द्यावं लागतं.

लॅबच्या कल्चर रिपोर्टवर 'ग्रॅम पॉझिटिव्ह', 'ग्रॅम निगेटिव्ह' असं लिहिलेलं असतं ना, तेही भिंतीचंच वर्णन आहे. हान्स ख्रिश्चन ग्रॅम हे डॅनिश डॉक्टर, त्यांनी बर्लिनमध्ये १८८४ साली ही रंगवायची पद्धत काढली. जाड भिंतीचे जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात ते पॉझिटिव्ह, पातळ भिंत आणि तिच्यावर अजून एक पटल असलेले तो सोडतात आणि नंतरचा गुलाबी घेतात ते निगेटिव्ह. ते बाहेरचं पटल बऱ्याच औषधांना आतच येऊ देत नाही, म्हणून डॉक्टरांना तो रिपोर्ट लागतो. रिपोर्टमधल्या 'निगेटिव्ह'चा अर्थ 'काही सापडलं नाही' असा नाही, हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या ओळखीत एका घरी तसं समजून सगळे निश्चिंत झाले होते.

सगळी अँटिबायोटिक भिंतीवर काम करत नाहीत. अझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लीन ही जीवाणूच्या रायबोसोमवर काम करतात, प्रथिनं तयार करणाऱ्या कारखान्यावर. रायबोसोम आपल्यातही असतात, झाडांतही, पण जीवाणूंचे लहान आणि थोडे वेगळे असतात, औषध त्या वेगळेपणावरच बसतं. रायबोसोमची बारीक रचना उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यात वेंकटरामन रामकृष्णन होते, जन्म चिदंबरमचा आणि कॉलेज बडोद्याचं.

सर्दीचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा विषाणूमुळे होते. विषाणू ही पेशीच नाही. त्याला भिंत नाही, स्वतःचा रायबोसोम नाही, तो आपल्याच पेशीचा कारखाना वापरतो. मग गोळी मारणार कशावर? ती मारेल तुमच्या पोटातल्या चांगल्या जीवाणूंना, म्हणून तर कोर्स चालू असताना पोट बिघडतं. आपल्या शरीरात माणसाच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जीवाणू साधारण ३८ लाख कोटी असा २०१६ चा अंदाज आहे, आणि तरी त्या सगळ्या जीवाणूंचं वजन भरेल पावशेरच्या आसपास, इतके ते लहान. तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते योग्यच केलं. उरलेल्या गोळ्या कृपा करून पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजाऱ्यांनाही देऊ नका. आणि गोळीबरोबर दूध-दही चालेल का हे विचारून घ्या, डॉक्सीसायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी काही औषधं त्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगी लागत नाहीत.

प्रश्न : नमस्कार. कांदळवनात सापडलेला एक जीवाणू नुसत्या डोळ्यांनी दिसतो असं कुठेतरी ऐकलं. खरं आहे का? आमच्या खाडीतही तसले आहेत का? मी रोज खाडीकडे फिरायला जातो.
— एक वाचक, वाशी

उत्तर : खरं आहे दादा. थायोमार्गारिटा मॅग्निफिका. कॅरेबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावरच्या कांदळवनात, पाण्यात पडून कुजणाऱ्या पानांवर पांढऱ्या बारीक धाग्यांसारखा तो सापडला आणि २०२२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक धागा म्हणजे एक पेशी, साधारण सेंटीमीटरभर लांब, काही दोन सेंटीमीटरपर्यंत. शेवयांचा तुकडा समजा. आपल्या आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय जीवाणू दोन मायक्रोमीटरचा, म्हणजे हा त्याच्या हजारो पट.

मला त्याच्या लांबीपेक्षा आतल्या रचनेचं जास्त वाटलं. जीवाणू लहान का असतात, तर त्यांच्यात आत सामान पोचवणारी सोय नसते, सगळं आपलं आपण पसरत जातं आणि लांब अंतराला ते फार हळू होतं. या पठ्ठ्याने मध्ये एक भली मोठी रिक्तिका ठेवली आहे, मघाच्या कांद्यासारखीच, आणि पेशीद्रव्य कडेच्या पातळ थरात. दुसरं म्हणजे त्याचा डीएनए मोकळा नाही. आपण मुलांना पहिली ओळ हीच शिकवतो की आदिकेंद्रकी, म्हणजे जीवाणूंसारख्या केंद्रक नसलेल्या पेशीत डीएनए पटलाच्या आत नसतो, आणि इथे तो छोट्या छोट्या पटलाच्या पिशव्यांत भरलेला आहे, शेकड्यांनी नाही, हजारोंनी. तरी तो जीवाणूच. त्याला आपल्यासारखं केंद्रक नाही, तंतुकणिका नाही. पुस्तकातली ती ओळ आता 'बहुतेक' हा शब्द घालून शिकवायला हवी असं माझं मत आहे.

तो ग्वाडेलूपचा, पण त्याचं जेवण आपल्या खाडीतही आहे. ओहोटीला लोकल वाशीच्या पुलावरून जाताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइडचा. चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथे सल्फेटवर जगणारे जीवाणू तो वायू सोडतात, आणि थायोमार्गारिटासारखे जीवाणू हीच गंधकाची संयुगं वापरून ऊर्जा मिळवतात आणि गंधकाचे चमकदार कण अंगात साठवतात. नाक दाबतो आपण, पण निम्मा चिखल त्यावर जगतो. त्याच चिखलातले आणि पाण्यातले निळे-हिरवे जीवाणू आणि शेवाळं खाऊन फ्लेमिंगो गुलाबी होतात, तो रंग त्या खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा. ठाणे खाडीला २०२२ मध्येच रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला तो काही फक्त पक्ष्यांसाठी नाही, या चिखलासाठीसुद्धा आहे असं मी तरी समजते.

आणि कांदळवनातली झाडं मघाच्या काकडीसारखी खाऱ्या पाण्यात मऊ का पडत नाहीत? ती आपल्या पेशींत क्षार आणि इतर विरघळणारे पदार्थ इतके साठवतात की पाणी आतच ओढलं जातं, आणि तिवरासारखं झाड जास्तीचं मीठ पानांवरच्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं. उद्या फिरायला सकाळी न जाता दुपारी ऊन चढल्यावर जा, पाऊस नसेल अशा दिवशी. तिवराचं पान तोडू नका, नुसतं बोट फिरवून जिभेला लावा. खारट लागेल, आणि उजेडात तिरपं बघितलं तर मिठाचे कण चमकताना दिसतील.